दोनशे मीटरांचा वीर

जानेवारी लागला की नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या त्या अरुंद तीनमजली घरात देवदत्त फणसळकर भिंतीला पाठ लावून हवेत बसायचा. खाली खुर्ची नाही, पाट नाही, काही नाही. गुडघे काटकोनात, हात छातीवर, आणि समोर फोनवर सेकंद मोजणारं घड्याळ. तिसाव्या सेकंदाला चेहरा लाल व्हायचा, पन्नासाव्याला पाय लटपटायचे, आणि साठाच्या आत तो धप्पकन खाली. नेमकी तेव्हाच त्याची बायको मंजूषा माळ्यावरच्या मशीनमधले कपडे घेऊन जिना उतरत असायची. भिंतीवर आठ वर्षांत पाठीच्या आकाराचा एक तेलकट डाग पडला होता. दरवर्षी मार्चमध्ये ती तो पुसायची आणि दरवर्षी जानेवारीत तो पुन्हा उमटायचा.

"मांड्या तयार ठेवाव्या लागतात," तो धापा टाकत सांगायचा. "डोंगर कुणाला माफ करत नाही."

"तुम्ही आलाय ते डोंगराला कळायला तर हवं," ती म्हणायची आणि कपडे वाळत घालायला निघून जायची.

देवदत्त कराडचा. शाळेत असताना पी.टी.च्या तासाला याच्या पोटात दुखायचं. एकदा शाळेची सहल आगाशिवाच्या डोंगरावर गेली. सगळी पोरं लेणी बघून आली आणि हा पायथ्याशी सगळ्यांचे डबे राखत बसला, हे सासूबाईंनीच मंजूषाला सांगितलं होतं, तेही कौतुकानं. पुढं पुण्यात इंजिनीअर झाला, तिथून झुइडास नावाच्या ऑफिसांच्या वस्तीतल्या एका काचेच्या मनोऱ्यात बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळायला आला. माणूस वाईट नाही. दारू नाही, सिगारेट नाही, बायकोला कधी उणा शब्द नाही. फक्त जे येत नाही ते येतं म्हणून सांगायची खोड.

मंजूषा वाईची. मराठी शाळेत शिकलेली, बी.कॉम. झालेली. हार्लेमच्या जवळ ट्यूलिपच्या कंदांचं एक गोदाम आहे, तिथं ती आठवड्यातून तीन दिवस पॅकिंगला जायची. तिथल्या बायकांत राहून ती डच बोलायला शिकली होती. देवदत्तला मात्र दहा वर्षांत 'धन्यवाद' आणि 'पिशवी नको' याच्यापुढं डच येत नव्हतं. ऑफिसात सगळं इंग्रजीत चालतं, असं तो अभिमानानं सांगायचा.

तर हे सगळं सुरू झालं ते नेदरलँड्सला आल्यावर दुसऱ्या वर्षी. फेब्रुवारीची सुट्टी संपली आणि ऑफिसातली माणसं आल्प्सवर स्की करून परत आली. सगळ्यांचे चेहरे तांबूस आणि डोळ्यांभोवती गॉगलच्या आकाराचे पांढरे डाग. आपल्याकडं असे डाग दिसले तर माणूस डॉक्टरकडं जाईल. इथं ते मिरवतात. कॉफीच्या मशीनपाशी उभं राहून एकमेकांचे डाग बघतात आणि कुठल्या गावी होतात, किती उतार केलेत, ते विचारतात. त्या दिवशी कुणीतरी देवदत्तलाही विचारलं, तुमचं काय. हा म्हणाला, "आम्हीही जातो." घरी आल्यावर त्यानं मंजूषाला ही बातमी दिली. तिला वाटलं, कुठं कामाला जायचंय.

शिकायचं कुठं, तर या देशात चेंडू जमिनीवर ठेवला तर तो जागचा हलत नाही. चढ म्हणावा तर पुलाचा. मग या लोकांनी पाऊण तासाच्या अंतरावर एक लांबच लांब तिरकं गोदाम बांधलं, आत यंत्रानं बर्फ पाडला आणि दाराशी तिकीट लावलं. उतार दोनशे मीटरांचा, सरळसोट. खाली आलं की डावीकडं वर ओढून नेणारी दोरी, उजवीकडं कॅन्टीन. देवदत्त तिथं दर शनिवारी जायला लागला. पायाला दोन लांब फळ्या बांधायच्या, सरळ खाली यायचं, आणि शेवटी पुढची टोकं जवळ आणून फळ्यांचा पिझ्झाच्या तुकड्यासारखा आकार केला की वेग कमी होऊन थांबता येतं. एवढं तो शिकला. वळणं शिकायचा पुढचा वर्ग होता, तो घेतला नाही. म्हणाला, "मूलभूत गोष्ट पक्की झाली की बाकी आपोआप येतं."

आपोआप काही आलं नाही. ऑस्ट्रियातलं हिंटरबाख नावाचं गाव त्यानं निवडलं, तिथं ही मंडळी आठ वर्षं जात होती. गावाच्या कडेला लहान मुलांसाठी एक कुरण आहे. सरकता पट्टा वर नेतो, आणि पोरं पन्नास पावलं घसरत खाली येतात. चार वर्षांची पोरं सोमवारी तिथं यायची आणि बुधवारी डोंगरावर जायची. देवदत्त तिथंच. नेदरलँड्सचा कायमचा परवाना मिळायला त्याला पाच वर्षं लागली, त्या कुरणाचा पहिल्याच आठवड्यात मिळाला. तासभर पट्ट्यावर जा-ये केली की तो उपाहारगृहाच्या गच्चीवर उन्हात चेहरा वर करून बसायचा, गॉगल लावून, डाग पडावेत म्हणून. फणसळकरांच्या रंगावर डाग कसले उठतात. नाक तेवढं सोलून निघायचं.

पण हार्लेमला परत आला की याची जीभ डोंगर चढायची. तिथले उतार रंगांनी ओळखतात. निळा सोपा, लाल अवघड, काळा त्याहून अवघड. देवदत्त लाल उतार करतो, हे आधी ऑफिसात पसरलं, मग मराठी मंडळात. त्यानं फोनवर 'सह्याद्री ते आल्प्स' नावाचा ग्रुप काढला, एकशे चाळीस माणसं जमवली, आणि रोज सकाळी त्यांना सूचना पाठवायला लागला. गुडघा कसा ठेवावा, नजर कुठं असावी, भीतीवर मात कशी करावी. ज्याला पोहता येत नाही त्यानं काठावर उभं राहून हात कसे मारावेत ते सांगावं, तसं.

लायडनहून त्या ग्रुपमधल्या मेधाचा फोन यायचा. ती तिथं एका प्रयोगशाळेत नोकरी करायची, हुशार बाई. ती म्हणायची, "मंजूषाताई, भाऊजींना विचारा ना, लाल उतारावर पहिल्यांदा जाताना पोटात गोळा येतो त्याला काय करायचं?"

"त्यांच्या पोटात कधी गोळा आला नाही गं," मंजूषा सांगायची. हे शंभर टक्के खरं होतं.

ती गप्प का राहिली, याचं तिचं तिलाच नवल वाटायचं. सुरुवातीला वाटलं, पुरुषांच्या गप्पा, कुणाचं काय जातं. मग सवय झाली. पण खोटं बोलणारा आणि ते ऐकून कानाआड करणारा देवाला सारखेच, असं तिची आई म्हणायची, आणि संध्याकाळी दिवा लावताना मंजूषाला ते कधीकधी आठवायचं.

यंदा मात्र ते खोटं लेकीच्या दप्तरात जाऊन बसलं.

अवनी दहा वर्षांची. आईबाबा मराठीत बोलले की तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र डचमध्ये यायचं, नाहीतर इंग्रजीत. इथल्या शाळेत प्रत्येक मुलाला वर्षातून एकदा वर्गापुढं उभं राहून एखाद्या विषयावर बोलावं लागतं. त्याला स्प्रेकबर्ट म्हणतात. अवनीची पाळी सुट्टीनंतरच्या मंगळवारी होती. तिनं विषय घेतला होता 'डोंगरावरचा हिवाळा'. आणि त्यात ती बाबांचा व्हिडिओ दाखवणार होती, हिंटरबाखचा सात नंबरचा लाल उतार, वरपासून खालपर्यंत.

हे तिनं जेवताना सांगितलं. देवदत्तचा घास हातातच राहिला.

"माझा कशाला? तुझाच काढू ना," तो म्हणाला.

"मी वर्गात सांगितलंय," अवनी इंग्रजीत म्हणाली. "एक मुलगी म्हणाली, तुमच्याकडं बर्फच नसतो, तुझे बाबा खोटं सांगत असतील. मी म्हटलं, मंगळवारी बघ."

मंजूषानं नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं वरणाकडं पाहिलं.

पोरगी झोपायला गेल्यावर मंजूषा म्हणाली, "सांगून टाका तिला. आजच सांगा. बाबाला येत नाही म्हटलं तर ती काय घर सोडून जाणार नाही. पण वर्गापुढं उभी राहून तोंडघशी पडली, तर ते जन्मभर विसरणार नाही."

"अगं, मी बघतो."

"काय बघता? आठ वर्षं बघतोय आपण."

"मंजू, तू त्यात पडू नकोस," तो म्हणाला, आणि उठून भिंतीला पाठ लावून हवेत बसला.

शनिवारी पहाटे ही तिघं गाडीनं निघाली. जर्मनीच्या रस्त्यावर पुढं नेदरलँड्सची गाडी, मागं नेदरलँड्सची गाडी, टपावर शवपेटीसारखे काळे डबे आणि मागच्या काचेतून दिसणाऱ्या बटाट्यांच्या पिशव्या. ऑस्ट्रियात बटाटे महाग पडतात म्हणून ही माणसं घरून नेतात. मंजूषाला याचं हसू यायचं. तिच्याही मांडीवर कुकर होता, पण ते वेगळं.

हिंटरबाखच्या भाड्याच्या खोलीत तिनं आधी खिडकीची फळी पुसली, लोकरी मोज्यात गुंडाळून आणलेला पितळी गणपती त्यावर ठेवला, आणि मग चहा टाकला. तिला स्वतःला घसरायची हौस नव्हती. पण गावात पायी फिरणाऱ्यांसाठी बर्फ दाबून केलेल्या वाटा होत्या, आणि अवनी सकाळी स्कीच्या वर्गाला गेली की मंजूषा जाड बूट घालून एकटीच निघायची. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, पण वर्षभरात तिला सगळ्यात आवडणारी गोष्ट तीच होती. पायाखाली करकर वाजणारा बर्फ, ओढ्याच्या कडेनं लोंबणाऱ्या काचेच्या कांड्या, आणि फांदीवरून भस्सकन खाली येणारा भुगा. तोंडानं नामस्मरण चालायचं आणि पाय आपोआप चालायचे. ग्रुपवर घालायला तिच्याकडं काही नव्हतं, त्यामुळं मजाच मजा होती.

बुधवारी देवदत्तनं बेत सांगितला. त्याच्या चेहऱ्यावर बँकेची मोठी अडचण सोडवल्याचं तेज होतं.

"उद्या अवनीचा वर्ग पलीकडच्या डोंगरावर आहे. आपण दोघं रोपवेनं सात नंबरच्या माथ्यावर जायचं. मी वरून निघतो, दहा मीटर येतो, तुझ्यापाशी थांबतो. ते तू शूट करायचं. मग फळ्या काढायच्या, रोपवेनं खाली यायचं, आणि खालच्या शेवटच्या वळणापासून परत दहा मीटर."

"आणि मधलं?"

"मधलं एडिटिंग."

"मधलं तीन किलोमीटर आहे."

"लोकांना मधलं बघायला वेळ नसतो, मंजू."

तरी मंजूषा त्याच्याबरोबर गेली. गेली कशी मग? एक म्हणजे तो एकटा वर जाऊन काय करून घेईल याचा तिला भरवसा नव्हता. आणि दुसरं, खरं सांगायचं तर, तिला माथा बघायचा होता.

गुरुवारी वारा होता. माथ्यावर रोपवेतून उतरल्यावर मंजूषा जागच्या जागी थांबली. चारी बाजूंनी डोंगर, एकामागं एक, दुधात बुडवून काढल्यासारखे, आणि वर इतकं निळं आकाश की हार्लेमला वर्षभरात मिळून तेवढं दिसत नाही. तिनं आपसूक हात जोडले. दुरून डोंगर साजरे म्हणतात. हा जवळूनही साजरा होता. माणसं तेवढी दुरून बरी.

"इकडं बघ, इकडं," देवदत्त ओरडला. तो सात नंबरच्या तोंडाशी फळ्यांवर उभा होता. ती दहा मीटर खाली, उताराच्या कडेच्या पायवाटेवर उभी राहिली आणि फोन धरला. त्यानं गॉगल नीट केला, छाती काढली आणि निघाला.

दहा मीटरांवर तो थांबणार होता. गोदामातला उतार माणसाला ओळखतो, हळूहळू घेऊन जातो. डोंगर ओळखत नाही. देवदत्त मंजूषाच्या समोरून असा गेला की फोनमध्ये नुसती एक निळी रेघ आली. तोंड उघडं होतं, आवाज मागं राहिला होता. पुढं वाट जरा सपाट होऊन वळत होती. तिथं त्याच्या गुडघ्यांना आठ वर्षांचे शनिवार आठवले असावेत. फळ्यांची टोकं जवळ आली आणि तो थांबला. नेमके दोनशे मीटर. सवयीनं त्यानं डावीकडं मान वळवली, दोरीसाठी. डावीकडं दरी होती.

तो होता तिथंच बसला.

मंजूषा पायवाटेनं भराभर खाली आली. "अहो, लागलं का कुठं?"

"नाही. बर्फ कडक आहे आज."

"फळ्या काढा आणि चढून वर चला."

"चढून? या बुटांत पाऊल उचलत नाही."

"मग खाली चला."

तो खाली बघायला तयार नव्हता. आठ हिवाळे भिंतीला टेकून कमावलेल्या मांड्या पानासारख्या थरथरत होत्या.

एवढ्यात वरून पोरांचा कलकलाट आला. पलीकडच्या डोंगरावरचा रोपवे वाऱ्यामुळं बंद केला होता आणि स्कीचा वर्ग इकडं वळवला होता. पुढं लाल जाकिटातली शिक्षिका, मागं बदकाच्या पिल्लांसारखी नऊ पोरं. त्यांत दुसरी अवनी. शिक्षिका वळणावर थांबली, ओळ थांबली. अवनीनं बर्फात बसलेल्या माणसाकडं पाहिलं, मग कडेला फोन धरून उभ्या असलेल्या आईकडं. नेदरलँड्समधल्या पोरांना पाढ्यांच्या आधी व्हिडिओ कापणं येतं. तिला काही सांगायला लागलं नाही. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"हे कुणाचे बाबा आहेत का?" शिक्षिकेनं विचारलं. गावात निम्मी पोरं नेदरलँड्सची, म्हणून तीही डच बोलायची.

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. एक पोरगा हसला. मंजूषा अवनीकडं बघत होती. तिला वाटलं, आता ही मान फिरवेल, आणि फिरवली तर चूक तिची नाही, आपली आहे. आठ वर्षं आपण गप्प बसलो ती आपली.

अवनीनं हातातली काठी वर केली. "माझे," ती म्हणाली.

"बरं," शिक्षिका म्हणाली, आणि देवदत्तला इंग्रजीत सांगितलं, "उठा. ओळीत सगळ्यात शेवटी. पुढचा वळतो तिथं वळायचं."

"मी ठीक आहे. मी फक्त जरा थांबलो होतो," देवदत्त म्हणाला.

"ओळीत," शिक्षिका म्हणाली.

अवनी ओळीतून बाहेर आली, दुसरी होती ती शेवटून दुसरी होऊन बाबांच्या पुढं उभी राहिली. तिनं फळ्यांचा पिझ्झा केला. सहा वर्षांची असल्यापासून तिनं तो केला नव्हता. मागं न बघता ती म्हणाली, "मी करते तसं करा."

आणि वरात निघाली. नऊ पोरं आणि मागं एक सहा फुटी बाप्या. पायवाट उताराला कधी कडेनं, कधी पुलाखालून सोबत करत होती. पोरं प्रत्येक वळणावर देवदत्तसाठी थांबत होती, त्यामुळं चालणाऱ्या मंजूषालाही मागं पडायची वेळ आली नाही. तिच्या डाव्या हातात फोन होता. उजवा हात खिशात, जपाच्या माळेवर. भीतीनं तिनं नाव घ्यायला सुरुवात केली होती, पण थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की नवरा पडला की एक मणी पुढं सरकतोय.

पहिल्यांदा पडला तेव्हा म्हणाला, बर्फ कडक आहे. दुसऱ्यांदा म्हणाला, बर्फ मऊ आहे. तिसऱ्यांदा बूट घट्ट होता, चौथ्यांदा तोच सैल झाला. पाचव्यांदा सूर्य डोळ्यांवर आला, सूर्य पाठीमागं होता तरी. सहाव्यांदा तो कडेच्या केशरी जाळीत जाऊन अडकला, कोळ्याच्या जाळ्यातल्या पापलेटासारखा, एक पाय आकाशात. पोरांनी मिळून सोडवला. "मी थांबलो होतो," तो म्हणाला. सातव्यापासून पुढं कारणं संपली आणि तीच पुन्हा पहिल्यापासून यायला लागली. अवनी दर वेळी थांबायची, हात द्यायची नाही, नुसती उभी राहायची. तो उठला की निघायची.

खाली पोचायला पाऊण तास लागला. मंजूषानं खिशात बोटांनी चाचपलं. चौदा मणी.

शिक्षिकेनं देवदत्तच्या पाठीवर थाप मारली, पोरांना मारते तशीच. पोरं पांगली. देवदत्त लंगडत मंजूषापाशी आला आणि गॉगल वर करून म्हणाला, "झालं ना शूट? वरचे दहा मीटर ठेव, आणि खाली येतानाचं ठेव. शेवटचं वळण चांगलं जमलंय."

"बघते," ती म्हणाली.

संध्याकाळी ती खिडकीत दिवा लावत होती तेव्हा तिचा फोन वाजला. ग्रुपवर देवदत्तचा निरोप आला होता. 'आज सात नंबरचा लाल उतार पूर्ण केला. लहान मुलांची बॅच सोबत असल्याने वेग कमी ठेवावा लागला.' खाली अंगठेच अंगठे. मेधानं लिहिलं होतं, भाऊजी, मुलांना सांभाळून घेणं हेच खरं कौशल्य. देवदत्त पलंगावर गुडघ्यांना मलम चोळत ते वाचत होता आणि मंदमंद हसत होता. माणूस चौदा वेळा तोंडावर पडला तरी तोंडाचं काही बिघडत नाही, हे मंजूषाला त्या दिवशी कळलं.

अवनी शेजारी येऊन उभी राहिली. हळू आवाजात तिनं डचमध्ये विचारलं, "आई, तुझ्याकडं सगळं आहे? मधलं पण?"

"मधलंच आहे," मंजूषा म्हणाली.

"मला पाठव. कापू नकोस."

मंजूषानं गणपतीकडं पाहिलं. त्याची काही हरकत दिसली नाही. तिनं पाठवलं.

रविवारी हार्लेमच्या घरात अवनीनं भाषणाचा सराव ठेवला. आईबाबांना सोफ्यावर बसवलं, लॅपटॉप टीव्हीला जोडला. देवदत्त कॉफी घेऊन पाय पसरून बसला. अवनी कागद न बघता डचमध्ये बोलायला लागली. टीव्हीवर निळी रेघ आली आणि गेली, मग बर्फात बसलेला माणूस आला. देवदत्तचा कप वाटेतच थांबला.

"हे कापायचं राहिलंय," तो म्हणाला. मग म्हणाला, "काय बोलतेय ती?"

मंजूषाला वाटलं असतं तर तिला गोड करून सांगता आलं असतं. आठ वर्षं तिनं तेच केलं होतं. पण तिनं शब्दाला शब्द सांगितलं.

"ती म्हणतेय, माझे बाबा आठ वर्षं सांगतात की त्यांना लाल उतार येतो. त्यांना येत नव्हता. मी तुम्हाला येतो म्हणून सांगितलं, तेही चूक होतं, पण मला माहीत नव्हतं. अजूनही त्यांना येत नाही. पण ते वरून खालपर्यंत आले, रोपवेत बसले नाहीत, आणि सगळी पोरं बघत होती तरी ओळ सोडून गेले नाहीत." मंजूषा जरा थांबली. "ती म्हणतेय, ते चौदा वेळा पडले आणि प्रत्येक वेळी त्यांनी कारण सांगितलं. कारणं तिनं लिहून आणलीत. ती वाचून दाखवणार आहे."

अवनीनं कागद उलगडला. देवदत्त टीव्हीकडं बघत राहिला. तिथं तो उठत होता, पडत होता, आणि पुढं एक बारकी पोर पाठ करून उभी होती, वाट बघत. कॉफी निवली. यादी वाचून संपली तेव्हा त्यानं कप खाली ठेवला.

शेवटी तो म्हणाला, "चौदा नाहीत. बारा असतील."

"चौदा, बाबा," अवनी म्हणाली. मराठीत, अगदी स्वच्छ. "आईनं माळेवर मोजलेत."

"तो सहावा धरू नका. तेव्हा मी थांबलो होतो."

मंगळवारी संध्याकाळी तो झुइडासहून नेहमीपेक्षा लवकर घरी आला. अवनीला दहापैकी आठ मिळाले होते. भाषण फार लांबलं म्हणून एक गुण गेला, कारणांची यादी संपेना म्हणून. दुसरा कशासाठी गेला ते बाईंनी सांगितलं नाही. आणि जिला अवनी 'मंगळवारी बघ' म्हणाली होती, त्या मुलीनं बाबा पुढच्या वर्षीही उतरणार आहेत का म्हणून विचारलं होतं.

देवदत्तनं कोट काढला, बूट जागेवर ठेवले. मग आढ्याकडं बघत, सहज विचारल्यासारखं विचारलं, "वर्गात मुलं हसली का?"

"हसली," अवनी म्हणाली.

"किती वेळा?"

"चौदा."

तो जिन्यापर्यंत गेला आणि परत आला. "सहाव्यालाही?"

"सहाव्याला सगळ्यात जास्त."